रक्षणाचे मोल कोणी द्यावे? : तांबड्या खारीच्या निमित्ताने

एका जीवाचे रक्षण करावयाचे तर दुसऱ्या जीवाचे प्राण घ्यावे लागतात, आणि तो दुसरा जीवही सर्वथा निरपराध आहे, असा प्रसंग आला असता रक्षण करणाऱ्याने काय करावे? प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु त्यात शिरले की पाऊल अडखळते. अहिंसा हा धर्म, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आणि दुर्बळाचे रक्षण करणे हाही धर्मच होय. हे दोन्ही धर्म जोवर एका दिशेने चालतात, तोवर मनुष्याची कसोटी लागत नाही. ते एकमेकांसमोर उभे ठाकले म्हणजे खरी परीक्षा सुरू होते.

आपल्या पूर्वजांना हा पेच अपरिचित नव्हता. महाभारताच्या वनपर्वातील शिबी राजाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. ससाण्याच्या भीतीने एक कबूतर राजाच्या आश्रयास आले. मागोमाग ससाणा आला व आपले भक्ष्य मागू लागला. राजाने शरणागतास सोडले नाही. कबुतराच्या भारंभार स्वतःचे मांस कापून त्याने तराजूत घातले, आणि तेही पुरेना तेव्हा तो स्वतः पारड्यात जाऊन बसला. ही कथा सांगताना आपण राजाच्या दयेची थोरवी गातो, ते योग्यच आहे. तथापि ससाण्याच्या बोलण्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा, की भूक लागणे हा काही माझा अपराध नाही. हे भक्ष्य मला सृष्टिक्रमाने नेमून दिलेले आहे. ते तू काढून घेतलेस तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी पिलेही मरतील. मग तू एकाला वाचविलेस की अनेकांना मारलेस? यावर राजा ससाण्यास दुष्ट म्हणत नाही, किंवा त्याच्यावर बाणही सोडीत नाही. रक्षणास मोल पडते, आणि ते रक्षण करणाऱ्याने आपल्या अंगचे द्यावयाचे असते, एवढे तो जाणतो.

ही कथा आज आठवण्याचे कारण म्हणजे ब्रिटनमधील तांबड्या खारीचे प्रकरण. एका लहानशा प्राण्यासाठी त्या देशात गेली कित्येक वर्षे जो वाद चालू आहे, त्यात शिबीच्या दरबारातील सारे प्रश्न पुन्हा उभे राहिले आहेत. खार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ती सेतुबंधाच्या वेळी वाळूत लोळून तिचे कण आणून टाकणारी आणि श्रीरामाच्या बोटांचे पट्टे पाठीवर मिरविणारी खार. वाल्मीकिरामायणात ही कथा नाही. पण लोकांच्या मुखी ती अशी बसली आहे, की देवळाच्या आवारातील खारीला दगड मारणाऱ्या मुलास घरातील आजी हटकल्यावाचून राहत नाही. युरोपातील तांबडी खार आपल्या खारीहून निराळी आहे. अंगावर तांबूस केस, पोट पांढरे, झुबकेदार शेपूट, आणि हिवाळ्यात कानांवर उगवणारे केसांचे तुरे, असे तिचे रूप असते. वजन जेमतेम तीनशे ग्रॅम. पाइन, स्प्रूस अशा सूचीपर्णी वृक्षांच्या बिया आणि हेझलची फळे खाऊन ती राहते. थंडीत ती झोपी जात नाही. साठवून ठेवलेल्या बियांवर दिवस काढते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काही धनिक जमीनदारांना आपल्या बागा नव्या प्राण्यांनी सजविण्याचा छंद जडला होता. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील करडी खार त्यांनी हौसेखातर आणविली. १८७६ साली चेशायर परगण्यातील हेन्बरी पार्क येथे ती सोडल्याची नोंद आहे. पुढे बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वोबर्न येथील उद्यानात ती पाळली व तेथून इतरांसही भेटीदाखल दिली. १९११ साली तीच खार आयर्लंडमध्ये गेली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. पाहुणा आणावा तशी ती आणली गेली.

करडी खार तांबडीवर धावून जाऊन तिला मारते, असा समज पुष्कळांचा असतो. पण तो खरा नाही. ती जगते, आणि तिच्या जगण्यानेच तांबडीचे जगणे अशक्य होते. करडीचे वजन तांबडीच्या जवळजवळ दुप्पट. ओक वृक्षाची फळे तिला चांगली पचतात, तांबडीला तितकीशी पचत नाहीत. हेझलची फळे तर करडी पिकण्यापूर्वीच फस्त करते. मग हिवाळ्यात तांबड्या मादीच्या अंगी पुरेसे बळ राहत नाही व पिले कमी होतात. यावर भर म्हणून करड्या खारींच्या अंगी एका प्रकारच्या देवीच्या रोगाचा विषाणू असतो. तिला स्वतःला त्याची फारशी बाधा होत नाही; तांबडीला मात्र डोळे, तोंड व पंजे यांवर व्रण पडून ती बहुधा पंधरवड्याच्या आत मरते. लिव्हरपूलजवळच्या फॉर्मबी येथील पाइनच्या वनात २००८ च्या सुमारास हा रोग शिरला, तेव्हा तेथील शंभरांपैकी ऐंशीहून अधिक तांबड्या खारी नाहीशा झाल्या.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेच्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे २७ लाख होत्या, तर तांबड्या सुमारे २ लाख ८७ हजार. त्यांतीलही बहुतेक स्कॉटलंडमध्ये. इंग्लंडमध्ये त्या उरल्या आहेत त्या उत्तरेकडील कील्डरसारख्या सूचीपर्णी अरण्यांत आणि आइल ऑफ वाइट, ब्राउनसी अशा बेटांवर, जेथे मध्ये पाणी असल्याने करडी पोहोचली नाही.

तेव्हा उपाय कोणता? जो सुचला तो करडीस मारण्याचा. १९३७ साली तिची आयात व पाळणूक यांवर कायद्याने बंदी आली. १९५० नंतरच्या दशकात सरकारने मारलेल्या प्रत्येक खारीच्या शेपटीमागे एक शिलिंग बक्षीस ठेवले. लोकांनी शेपट्या पुष्कळ आणल्या, पण खारी काही हटल्या नाहीत. १९५८ मध्ये ते बक्षीस बंद झाले. याच्या उलट अनुभव वेल्सच्या अँगलसी बेटावर आला. १९९८ साली तेथे तांबड्या खारी अवघ्या चाळीसच्या आसपास उरल्या होत्या. त्या वर्षापासून चिकाटीने पिंजरे लावून सहा हजारांहून अधिक करड्या खारी मारण्यात आल्या. अखेर बेट करड्या खारींपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले, आणि तांबड्यांची संख्या पुढे सातशेच्या घरात गेली. फळ मिळाले खरे. पण सहा हजार जीवांचे प्राण ही गोष्ट फळाकडे पाहून विसरता येईल काय?

या कृत्याचे समर्थन काही जण असे करतात, की करडी खार घुसखोर आहे, तिला शासन झालेच पाहिजे. हे समर्थन विचारास टिकत नाही. धर्मशास्त्रात आततायी म्हणून सांगितला आहे तो आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन मारावयास येणारा. त्याच्या कृत्यामागे दुष्ट बुद्धी असते. करडी खार कोणावर शस्त्र उगारते? तिने समुद्र ओलांडला तो स्वतःच्या इच्छेने नव्हे. तिला पेटीत घालून आणले. ती खाते, पिले वाढविते, झाडावर घरटे बांधते, आणि तांबडी खारही नेमके हेच करते. शिबीच्या ससाण्याप्रमाणे तिलाही विचारता येईल, की माझा अपराध कोणता?

शिवाय ज्या तांबडीसाठी आज एवढा कळवळा आहे, तिची पूर्वी काय गत होती? १९०३ साली बिआट्रिक्स पॉटर या लेखिकेचे तांबड्या खारीवरचे मुलांचे पुस्तक निघाले आणि घरोघरी आवडते झाले. त्याच १९०३ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात जमीनदारांनी एक मंडळ स्थापिले. तांबड्या खारी लागवडीच्या झाडांची नासाडी करतात म्हणून त्यांना मारणे, हाच त्याचा उद्देश! पुढील तीसएक वर्षांत त्या मंडळाने ऐंशी हजारांहून अधिक तांबड्या खारी मारविल्या. म्हणजे एकाच पिढीत एकाच प्राण्याचे चित्र बालकाच्या उशाशी होते आणि त्याच्या शेपटीवर बक्षीसही होते. प्राणी बदलला नाही; मनुष्याची सोय मात्र बदलत गेली.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट आपल्या अंगणातील आहे. उत्तर भारतात सर्वत्र दिसणारी पाच पट्ट्यांची खार १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पसरली, आणि आज तेथे ती परकी व उपद्रवी म्हणून गणली जाते. रामाची म्हणून जिला आपण दाणे घालतो, तीच तेथे नकोशी आहे. तेव्हा दोष प्राण्याच्या जातीत शोधणे व्यर्थ होय. ज्या स्थळी ज्या जीवांची घडी सहस्रावधी वर्षांत बसली, तेथे ती घडी न जाणता नवा जीव नेऊन सोडला, ही चूक नेणाऱ्या हाताची आहे.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य वाटते. देशी आणि परकी हे शब्द प्राण्यांविषयी बोलताना हळूच माणसांकडे वळतात. आपण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी कुटुंबे. आपले पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यामागून या मुलखात आले आणि येथील अन्नपाण्याने वाढले. माणूस भाषा शिकतो, शेजार जोडतो, दुसऱ्याच्या उत्सवात सामील होतो, आपले वर्तन विचाराने बदलतो. खारीला हे सामर्थ्य नाही. ओकची फळे वाटून खाऊ, असे करडी तांबडीला सांगू शकत नाही. म्हणून अरण्यातील हा न्याय माणसांच्या वस्तीस लावणे हा अविचारच नव्हे, तर अधर्म होईल.

आता दुसरी बाजू पाहू. करडी निरपराध आहे ना? मग तिला हात लावू नये, जे होईल ते ईश्वरेच्छा म्हणून पाहत राहावे, असे अनेक दयाळू मनांस वाटते. या मताचा परिणाम काय होतो, हे इटलीत दिसून आले. १९४८ साली तुरिन शहराजवळ करड्या खारींच्या अवघ्या दोन जोड्या सोडण्यात आल्या. १९९७ साली, त्या अजून थोड्या भागातच होत्या तेव्हा, रॅक्कोनीजी येथील उद्यानात त्यांना पकडून वेदना न होता मारण्याचा प्रयोग शास्त्रज्ञांनी आरंभिला. प्राणिप्रेमी संस्थांनी न्यायालयात धाव घेतली, काम थांबले, शास्त्रज्ञांवर खटला झाला. २००० साली अपिलात ते निर्दोष सुटले, परंतु तोवर खारी एवढ्या फैलावल्या होत्या, की त्यांचे समूळ उच्चाटन करणे हाताबाहेर गेले. ज्यांनी दयेपोटी काम थांबविले, त्यांचे हेतू शुद्ध होते यात शंका नाही. परंतु त्यामुळे तांबड्या खारी तर उणावल्याच. आणि पुढे जेथे जेथे करड्यांना मारणे प्राप्त झाले, तेथे मरणाऱ्यांची संख्याही वाढली. थोड्यांचे प्राण वाचविण्याच्या इच्छेतून अनेकांचे मरण पुढे ढकलले गेले.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. पूर आला, वणवा पेटला, तर त्यात ईश्वरेच्छा मानून मनुष्य हात जोडू शकतो. पण ज्या घराला आपल्याच दिव्याने आग लागली, तेथे हात जोडून बसणे याला अहिंसा म्हणता येत नाही. करड्या खारीची पेटी माणसाने उघडली. तेव्हापासून तिच्यामुळे मरणारी प्रत्येक तांबडी खार हीही माणसाच्याच हिशेबात आहे. कोणी असेही म्हणतील, की तांबडी खार तर रशियापासून जपानच्या होक्काइदो बेटापर्यंत पसरलेली आहे. ब्रिटनमधून गेली तर जातीचा अंत थोडाच होणार? जातीचा अंत होणार नाही, हे खरे. पण आपल्या हातून एका अंगणातील सर्व जीव मेले, तर दुसऱ्या गावी त्यांचे भाऊबंद जिवंत आहेत, हे उत्तर आपण तरी स्वीकारू काय?

म्हणजे मारणे हे पाप आणि न मारणे हेही पाप, अशा कात्रीत माणूस सापडला. येथे शिबीचा तराजू पुन्हा आठवतो. करडीला मारणे ही शिक्षा होऊ शकत नाही, कारण ती अपराधी नाही. ते कृत्य कधी क्षम्य ठरेल तर माणसाच्या प्रायश्चित्ताचा एक भाग म्हणूनच. आणि प्रायश्चित्ताचा पहिला नियम असा, की त्याचा भार करणाऱ्यावर पडला पाहिजे. आज दोन्ही पारड्यांत खारीच आहेत. एका पारड्यात तांबडी, दुसऱ्यात करडी. आणि माणूस मात्र तराजू धरून बाजूस उभा! राजाने स्वतःचे मांस घातले; येथे माणसाने स्वतःचे असे काय घातले?

या प्रश्नाचे उत्तर अलीकडे एका तिसऱ्या प्राण्याने पुढे आणले आहे. पाइन मार्टेन नावाचा, मांजराएवढा, झाडावर चपळाईने चढणारा शिकारी प्राणी ब्रिटन व आयर्लंडच्या अरण्यांत पूर्वापार राहत होता. जमीनदारांचे शिकारीसाठी पाळलेले फेझंट पक्षी आणि शेतकऱ्यांच्या कोंबड्या तो पळवितो, म्हणून त्याला पिढ्यान्‌पिढ्या मारण्यात आले व तो जवळजवळ नाहीसा झाला. आयर्लंडमध्ये १९७६ साली व ब्रिटनमध्ये १९८८ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि तो हळूहळू परतू लागला. मग एक नवल दिसून आले. जेथे मार्टेन परतला, तेथे करड्या खारी कमी झाल्या आणि तांबड्या पुन्हा दिसू लागल्या. २०१४ साली आयर्लंडमधील आणि २०१८ साली स्कॉटलंडमधील अभ्यासांनी हे दाखवून दिले. तांबडी खार या शत्रूबरोबर हजारो वर्षे राहिलेली. त्याचा वास येताच ती सावध होते. करडी सावध होत नाही. २०१५ पासून स्कॉटलंडमधील काही मार्टेन वेल्सच्या अरण्यांत नेऊन सोडण्यातही आले.

यावर शंका अशी निघेल, की मार्टेनने खार मारली काय आणि माणसाने मारली काय, मरण ते मरणच. हे तर आपले पाप दुसऱ्याच्या माथी मारणे झाले. शंका रास्त आहे. पण दोहोंत भेद आहे. मार्टेन मारतो तो भुकेपुरते. बक्षिसासाठी किंवा द्वेषाने मारीत नाही. मारण्याचे काम माणसाच्या हाती असते तेव्हा ते वर्षानुवर्षे चालवावे लागते, आणि हात थांबला की खारी पुन्हा भरून येतात. अरण्याची मोडलेली घडी सांधली तर ती आपली आपण टिकते. आणि मुख्य गोष्ट अशी, की मार्टेनला परत येऊ द्यावयाचे तर त्याने नेलेली कोंबडी सोसावी लागते, खुराडे मजबूत करावे लागते, शिकारीची हौस आवरावी लागते. हेच माणसाने पारड्यात घालावयाचे स्वतःचे मांस होय. ज्या जमीनदारांच्या हौसेने करडी खार आणली, त्यांच्याच वर्गाच्या हौसेने मार्टेन मारला; म्हणून भरपाईही हौसेतूनच झाली पाहिजे. याखेरीज करड्या खारींना औषध खाऊ घालून त्यांची संतती आवरण्याचे प्रयोगही शास्त्रज्ञ करीत आहेत. ते काम वेळाचे व खर्चाचे आहे. पण खर्च आपल्या पदरचा असेल आणि त्याने जीवहत्या टळत असेल, तर तो अवश्य करावा.

तरीही कोठे कोठे मारणे अटळ राहीलच. तेथे प्रस्तुत लेखकाच्या अल्पमतीस असे वाटते, की तीन मर्यादा पाळाव्या. अँगलसीसारखे जे काम पूर्णत्वास नेता येईल तेच हाती घ्यावे. शेपटीमागे शिलिंग देऊन चालविलेल्या संहारासारखा निष्फळ व अंतहीन उद्योग करू नये. मरणाऱ्या जीवास शक्य तितक्या कमी वेदना व्हाव्या. आणि त्यात आनंद किंवा विजय मानू नये. शिबीने मांस कापले तेव्हा नगरात उत्सव झाला नव्हता.

हे सारे दूरदेशीचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राचा राज्यप्राणी जो शेकरू, तोही एक मोठी खारच आहे. त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले. शेकरू एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर जातो. झाडांची रांग तुटली की त्याची वाट तुटते. बागेच्या शोभेसाठी परदेशातून आणलेली घाणेरी आज आपली राने गिळीत आहे. आणि देवळाजवळची गोष्ट सांगावयाची तर, हौसेने बाजारातून आणलेले तांबड्या कानाचे अमेरिकन कासव घरात मोठे झाले, की त्याला मारण्यापेक्षा तळ्यात सोडावे, त्यात पुण्य आहे, असे समजून लोक ते सोडून येतात. भारतातील अनेक तलावांत ते आता आढळले आहे, आणि आपल्या देशी कासवांच्या अन्नाचा व जागेचा तो वाटेकरी होतो. हेन्बरीच्या बागेत जे झाले, तेच हे होय. फक्त हौसेच्या जागी पुण्याची भावना आली.

म्हणून आपल्या कुटुंबांतील मुलाबाळांना एवढे अवश्य सांगावे, की कोणताही जीव विकत आणण्यापूर्वी त्याला जन्मभर सांभाळता येईल काय, हे पाहावे. आणि आणलाच तर कुंडात किंवा नदीत सोडून मोकळे होऊ नये, घरीच त्याची जबाबदारी वाहावी. सोडण्याच्या क्षणी वाटलेली दया पुढे कोणाच्या प्राणावर बेतेल, हे त्या क्षणी दिसत नसते. जे मोल आपण द्यावयाचे, ते मुक्या जीवांकडून वसूल न करण्याची बुद्धी परमेश्वर आपणां सर्वांस देवो.